जन्मनावाचा रकाना

आई, तुझं जन्माचं नाव काय होतं ते मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी शोधायला लागलं. सासरचं नाव नव्हे. ते रेशनकार्डावर होतं, बाबांच्या पेन्शनच्या कागदांवर होतं, तू गेल्यावर मिळालेल्या दाखल्यावरही तेच होतं. मी म्हणतेय ते त्याच्या आधीचं, पाळण्यातलं, तुझ्या आत्याने तुझ्या कानात सांगितलेलं. तुला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. त्याआधी पस्तीस वर्षं तू मला होतीस. एवढ्या वर्षांत मी तुला भाजणीचं प्रमाण विचारलं, लोणच्याला मीठ किती घालायचं ते विचारलं, पोथी वाचताना मधेच उठावं लागलं तर चालतं का तेही विचारलं. पण लग्नाआधी तुला काय नावाने हाक मारायचे, हे एकदासुद्धा विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कधी सुचलं नाही. तू आई होतीस, बाबांची ‘अगं’ होतीस, शेजारच्यांची काकू होतीस. तेवढ्यावर भागत होतं.

आमचं जुईनगरचं घर तू पाहिलं नाहीस. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या, एवढंच आहे, पण सकाळी देवघरावर ऊन येतं म्हणून मला ते आवडतं. भाद्रपदात एका दुपारी मी जेवणाच्या टेबलावर जुन्या लग्नपत्रिका पसरून बसले होते. आलेली पत्रिका मी टाकत नाही. पाठ कोरी असते, वाण्याची यादी आणि दुधाचे खाडे लिहायला बरी पडते. त्या दिवशी त्या पाठींवर मी यांच्या घराण्याची वंशावळ उतरवत होते. यांच्या चुलत्यांनी छापून घेतलेली एक पुस्तिका हाताला लागली होती, तिची पानं सुटायला आली होती, म्हणून म्हटलं निदान नावं तरी राहू देत. सून तेव्हा घरूनच काम करत होती. चहा घ्यायला उठली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली.

“आई, कुणाच्या पत्रिका जुळवताय?”

“पूर्वज मांडतेय गं.”

“अहो मग ऑनलाइन मांडा ना. साइट असते त्याची. आपण नुसती नावं टाकायची, झाड ती बनवते. नातेवाइकांना पण जोडता येतं. मराठीत आहे, टेन्शन नाही.”

“पैसे किती घेतात?”

“पहिले चौदा दिवस फ्री.”

मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पितृपक्षाला चार दिवस होते. म्हटलं, मग आज नको सुरू करूस. पौर्णिमा झाली की प्रतिपदेला कर, म्हणजे तुझे ते चौदा दिवस अलगद पितृपक्षातच बसतात. नाहीतरी त्या पंधरवड्यात दुसरं शुभकार्य काही काढायचं नसतं, आणि पूर्वजांची चौकशी करायला त्याहून चांगला मुहूर्त कुठला? सुनेने लगेच मोबाईलवर तारीख टाकून ठेवली. आणि हे पेपराच्या मागून म्हणाले, “झालं! पितरांनाही हिने फ्री ट्रायलमध्ये बसवलं.”

प्रतिपदेला आंघोळ, पूजा उरकून मी मोबाईल हातात घेतला. अगदी नमस्कार करून घेतला. पुरुषांना निळा चौकोन, बायकांना गुलाबी. चौकोनाला बोट लावलं की आत रकाने उघडतात: नाव, आडनाव, जन्मनाव, गाव. यांच्या बाजूला मला काही कष्टच पडले नाहीत. नऊ पिढ्यांचे पुरुष पुस्तिकेत ओळीने उभे होते. बायकांच्या जागी मात्र ‘अमक्याची पत्नी’, कुठे तेवढंही नाही. माझ्या झाडात वरपासून खालपर्यंत निळंच निळं झालं. सासूबाईंचा चौकोन तेवढा पूर्ण भरला, कारण त्यांचं माहेरचं नाव मला ठाऊक होतं. त्या स्वतःच सांगायच्या ते, हसत हसत. मग मी माझ्या बाजूला आले. बाबा भरले, दादा भरला, माझा चौकोन जन्मनावासकट भरला, तुझे वडील भरले. आणि तुझ्या गुलाबी चौकोनात ‘जन्मनाव’ म्हणून एक रकाना रिकामा, शेजारी लाल चांदणी. मी बराच वेळ त्या चांदणीकडे बघत बसले. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेही कळलं नाही, डाळीचा पार लगदा झाला.

सांगलीला दादाला फोन लावला. तो अजून मला बारकेच म्हणतो, मीही आता आजी व्हायच्या वयाची झाले तरी.

“दादा, आईचं नाव काय रे?”

“बारके, बरी आहेस ना तू?”

“माहेरचं नाव विचारतेय.”

पलीकडे आधी खाकरणं. मग खोकला. मग म्हणाला, “तेच असेल की.” मी म्हटलं, ते कसं असेल, ते बाबांनी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं तेव्हाचं. तर म्हणाला, “अगं, मी इतकी वर्षं तिचं श्राद्ध करतोय, गुरुजींनी कधी विचारलं नाही, तुझा मोबाईल कोण विचारणारा?” पण दादा मनाला लावून घेणारा आहे, तुला ठाऊकच आहे. बाबांच्या आधी गेलीस म्हणून तुझी तिथी अविधवा नवमीला धरतात, आणि बाबा गेल्यावरही त्याने ती नवमी एका वर्षी चुकवलेली नाही. अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला. “बारके, सापडलं तर नवमीच्या आत सांग. मलाही आता चैन पडायचं नाही. आईला मी इतकी वर्षं अर्ध्याच पत्त्यावर जेवायला बोलावतोय, असं वाटायला लागलंय.”

तेव्हा नवमीला आठ दिवस होते.

तू सांगायचीस ते मला आठवलं. लहानपणी तुझ्या वडिलांनी तुम्हा सगळ्यांना नाशिकला नेलं होतं आणि गोदेच्या काठी माकडाने तुझ्या हातातलं केळं हिसकावून नेलं. तू रडायला लागलीस तर तुझे वडील म्हणाले, “देवानेच घेतलं, आता पुण्य लागेल.” आणि तू म्हणालीस, “मग दादाचं का नाही घेतलं?” हे सांगताना तू दरवेळी तितकीच हसायचीस. तर क्षेत्राच्या गावी उपाध्याय असतात, त्यांच्याकडे गावागावाच्या वह्या असतात, कोण आलं, बरोबर कोण होतं, सगळं लिहून घेतात आणि खाली सही घेतात. सुनेने शोधून काढलं की तसल्या जुन्या वह्यांच्या पानांचे फोटो आता साइटवर चढवलेत. गाव टाकलं की पानं येतात. तुमचं गाव चिपळूणजवळचं, तेवढं मला ठाऊक होतं. पानं आली ती शेकड्याने. अर्धी मोडीत, ती मी सोडून दिली. उरलेली बघत बसले. मेथी निवडताना बघितली, दळणाच्या रांगेत बघितली. हे म्हणाले, “चष्म्याचा नंबर वाढला तर तो काही चौदा दिवस फ्री नाही मिळायचा.” शेवटी पंचमीला तुझ्या वडिलांची सही सापडली. तिरकी, शेवटच्या अक्षराला खाली लांब शेपूट काढलेली. बाबांनी जपून ठेवलेल्या त्यांच्या पत्रांवर पाहिलेली मी ती. मी मोबाईल कपाळाला लावला. वर लिहिलं होतं, बरोबर कुटुंब, मुलगे दोन, मुलगी एक. खाली नावं. पानाच्या कोपऱ्याला पाणी लागून साल पुसलं गेलं होतं, पण नावं स्वच्छ होती. मुलीच्या नावापाशी मी थांबले. ते माझं नाव होतं.

माझं म्हणजे माहेरचं. चाळीस वर्षांत कुणी उच्चारलं नाही ते. माझंही लग्नात बदललं, तुझ्यासारखंच, ताटात तांदूळ, अंगठी, सगळं तसंच. जुन्या वळणाचं नाव होतं. शाळेत पोरी मला आजीबाई म्हणायच्या त्यावरून. मी घरी येऊन तुझ्याशी भांडायचे, की सगळ्यांची कशी छान छान नावं, माझंच असं का ठेवलंस. तू पाट्यावर चटणी वाटत असायचीस. वर न बघता म्हणायचीस, “मला आवडलं म्हणून.” दादा मला बारके म्हणणार, बाबा बाळ म्हणणार. त्या नावाने घरात हाक मारणारी तू एकटी. आणि ती हाक मीच बंद केली. दिवाळसणाला आम्ही आलो होतो, हे बाहेर बाबांशी बोलत होते, आत तू करंज्या तळत होतीस. तू मला नावाने हाक मारलीस, सवयीने, मोठ्याने. मी आत आले आणि तुला म्हटलं, “आई, आता त्या नावाने नको गं हाक मारूस. सासूबाईंना आवडत नाही.” तू झाऱ्यावरची करंजी तेलावर तशीच धरलीस. तेल निथळलं, तरी धरूनच. मग म्हणालीस, “बरं.” एवढंच. त्यानंतर तू मला कधी नावाने हाक मारली नाहीस. जुन्याही नाही, नव्याही नाही. ‘अगं ऐकलंस का’, ‘हे बघ’, असंच काहीतरी.

तर ते नाव त्या पानावर. आता कुणालाही वाटेल की मला लगेच कळलं असेल. नाही कळलं. मन किती पटकन गोष्ट रचतं बघ. मी ठरवून टाकलं की ही तुझी मोठी बहीण, तू जन्मायच्या आधीची, लहानपणीच गेलेली, आणि तिची आठवण म्हणून तू तिचं नाव मला दिलंस. माकडाची ती खेप वेगळी, नंतरची असणार. मला गहिवरून आलं. संध्याकाळी देवापाशी तिच्या नावाने एक वात जास्त लावली, खडीसाखर ठेवली, आणि झाडात तुझ्या वडिलांच्या खाली, तुझ्या शेजारी, तिचा गुलाबी चौकोन काढला. तेवढ्यात साइटने विचारलं, तुमच्या वृक्षात या नावाच्या दोन व्यक्ती आहेत, त्या एकच आहेत का? मला वाटलं नाव एकच आहे का असं विचारतेय. मी म्हटलं हो, आणि दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दादाचा फोन. साइट म्हणे झालेला बदल सगळ्या जोडलेल्या माणसांना कळवते, आणि दादाला सुनेने आधीच जोडून दिलं होतं.

“बारके, नमस्कार करतो गं, वाकून.”

“का रे?”

“का म्हणजे? तू आता आमची मावशी झालीस. आईची सख्खी बहीण. बघ उघडून.”

उघडून बघितलं तर खरंच. दोन चौकोनांचा एक झाला होता आणि मी तुझ्या शेजारी जाऊन बसले होते. मी तुझी मुलगीही होते आणि बहीणही. म्हणजे मी माझीच मावशी. ह्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, “याचा अर्थ मी माझ्या सासऱ्यांचा साडू. मग लग्नात त्यांनी माझे पाय का धुतले?” सून खुर्चीतून पडायची राहिली. मीसुद्धा खूप हसले गं. पण दादा हसून झाल्यावर एकदम मुद्द्यावर आला. अशी मावशी खरोखर होऊन गेली असेल तर नवमीला तिचंही पान वाढायला हवं, नसेल तर भलत्याच जिवाला बोलावून ठेवायचं नाही. आणि आईच्या नावाचं काय? परवा दुपारच्या आत पक्कं सांग म्हणाला. “अंदाजावर मी पिंड ठेवणार नाही.”

विचारायला आता एकच माणूस उरलंय. मोठी मामी. नव्वदीला टेकली, घणसोलीला मामेभावाकडे असते, तळवली गावाच्या अलीकडे. तिला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मी बसने गेले. खाली पायरीवर मालकीणबाई बसल्या होत्या, तिथल्याच मूळच्या, नाकात मोठी नथनी. “कोन पायजे?” मी मामीचं सांगितलं. “म्हातारी वर हाय. दार उघडाला टाइम लागल, वाजवत ऱ्हावा.” तसाच वेळ लागला. मामीने मला दारातच ओळखलं, आणि पहिला प्रश्न, “जेवून आलीस की वाढू?” कानाचं यंत्र डबीत ठेवलेलं. म्हटलं, लाव की ते. तर म्हणाली, “माणूस आलं की लावते गो. उगाच सेल कशाला जाळा?” आई, मला वाटलं तुमच्या अख्ख्या घराण्यात हा गुण आहे, मी उगाच बोलणी खाते.

यंत्र लावून झाल्यावर मी तिला ते पान मोबाईलवर मोठं करून दाखवलं. तिने बोट ठेवलं मात्र, पान सरकून भलत्याच कुटुंबावर गेलं. “अगो, पळालं की!” पुन्हा आणलं, पुन्हा पळालं. मग ती उठली, देवापुढची जळून गेलेली उदबत्तीची काडी घेऊन आली आणि काडीने एकेक ओळ वाचायला लागली. चौथीपर्यंतची शाळा, पण अक्षर लागत होतं तिला. “हे मामंजी. ह्या सासूबाई. हे आमचे...” आणि पदर तोंडाला. मी म्हटलं, “मामी, ही मुलगी कोण? लहानपणी गेलेली?”

“कोण गेली?”

“ही. आईची मोठी बहीण.”

“मेली तिकडे तुझी मावशी! आमच्यात लहानपणी कोणी गेलं नाही. दोन भाऊ आणि ती. मी लग्न होऊन आले तेव्हा वन्सं घरातच होत्या. सहा महिने एका चुलीपाशी होतो आम्ही.” काडी त्या नावावर टेकवून ती माझ्याकडे बघत राहिली. “ही तुझी आई गो.”

मी म्हटलं, “नाव घे ना मामी. मला ऐकायचंय.”

“नणंदेचं नाव मी घेऊ? आता, या वयात?” ती खरंच रागावली. “तू मॅट्रिक झालीस ना? वाच की. काडी ठेवली आहे मी.”

मी वाचलं. मोठ्याने. माझंच नाव, पण माझ्या तोंडून ते निघालं ते तुला हाक मारल्यासारखं. मामीने मान हलवली. मग मी म्हटलं, पण मामी, हे माझं नाव. तर म्हणाली, “तुझं कुठून आलं? तिचंच ते.” आणि तिने माझ्या बारशाची गोष्ट सांगितली, जी तू मला कधी सांगितली नाहीस. माझी आत्या दुसरंच नाव ठरवून आली होती. तू बाळंतिणीच्या खोलीतून उठून बाहेर आलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, नाव मी देणार आहे. माझं एक चांगलं नाव नुसतं पडून आहे, चार दिवस वापरलेलं, ते वाया कशाला घालवायचं? आत्या म्हणे दोन दिवस जेवली नाही. बाबांनी मात्र पाळण्याच्या दोरीला हात लावला.

मी मामीकडच्या त्या लोखंडी कॉटवर बसून हसत होते आणि डोळे पुसत होते. नाव पडून आहे म्हणे! तू माझी आईच शोभतेस. फाटक्या लुगड्याची दुपटी, दुपट्यांची मग पायपुसणी, आणि नावसुद्धा तसंच, कपाटातून काढून झटकून लेकीच्या अंगावर. मग मला करंज्यांची दिवाळी आठवली आणि हसू आपोआप थांबलं. विचारू की नको असं करत मी मामीला विचारलं, की ती हाक मी बंद केली, तेव्हा आईला लागलं होतं का गं?

मामीने यंत्राला हात लावला, नीट बसवलं. “त्या मे महिन्यात आली होती ती आमच्याकडे आंब्यांना. म्हणाली, विहीणबाई कडक दिसतात, पोरीला जपून राहावं लागतं, मी आता तिला नावाने हाक मारत नाही. मी म्हटलं, वन्सं, म्हणजे नाव परत तुमच्याकडेच आलं. तर हसली. म्हणाली, दिलेला डबा परत आला म्हणायचा. रिकामा आला नाही, जावई बरा मिळालाय.” मग मामीने मला कोकमाचं सरबत दिलं आणि जाताना हातावर चार आमसुलं ठेवली, कारण रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं.

घरी येऊन सुनेकडून पहिल्यांदा त्या एका चौकोनाचे दोन करून घेतले. माझा खाली आणला, नसलेल्या मावशीचा पुसून टाकला, तुझा वर राहिला. मग तुझ्या रकान्यात मी स्वतः अक्षरं दाबली. साइटने पुन्हा विचारलं, आई आणि मुलीचं जन्मनाव एकच आहे, खात्री आहे का? या वेळी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मग हो म्हटलं. लाल चांदणी गेली. दादाला फोन केला, त्याने ते नाव दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग म्हणाला, “बारके, म्हणजे आई त्या घरात रोज स्वतःलाच हाका मारायची की गं. आणि तुला रागवायची तेव्हा स्वतःलाच रागवायची.” मी म्हटलं, “मार मात्र मला बसायचा.” त्याने संध्याकाळी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, दोन्ही घ्या, माउलीला दोन्ही हाकांना ओ द्यायची सवय आहे. नवमीला दोन्ही नावं घेऊन तुझं पान वाढलं. भोपळ्याची खीर होती, तुझ्या आवडीची. कावळा लगेच आला म्हणे. दादा म्हणाला, इतका लगेच कधीच येत नाही.

इकडे सून म्हणाली, “आई, मग आता आम्ही तुम्हाला त्या नावाने ओळखू ना! बाबा, मारून बघा हाक.” तिने स्वतःचं नाव बदललं नाही, लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं तेव्हा आपल्याच बोटाने स्वतःचंच नाव लिहून मोकळी झाली. मी तेव्हा आठवडाभर फुगले होते, आता काय बोलणार? ह्यांनी बाहेरून हाक मारली, एकदा, दोनदा. मी भांडी पुसत होते. मला वाटलं शेजारी कुणीतरी नवीन राहायला आलंय. तिसऱ्यांदा हे आत येऊन उभे राहिले, “अगं, तुलाच!” नाव सापडलं खरं, पण ओ द्यायची सवय राहिलेली नाही. तुला दोन्हींची होती, गुरुजी म्हणाले. मला शिकायला लागेल.

काल फुकटचे दिवस संपले. प्रत्येक चौकोनाखाली एक मोठी जागा असते, ‘या व्यक्तीची आठवण लिहा’ म्हणून. हे सगळं मी तिथेच लिहायला घेतलं होतं. पण खाली बटण होतं, ‘सर्वांना दाखवा’. म्हणजे दादा वाचणार, सून वाचणार, यांचे परदेशातले चुलत पुतणेसुद्धा वाचणार. मग मी तिथे ‘चकली उत्तम करायची, अक्षर वळणदार होतं’ एवढंच ठेवलं. खरं म्हणजे तेही पुरेसं आहे. बाकीचं इथे कागदावर लिहितेय. हे कुठे पाठवायचं नाही. एकच गोष्ट तुला सांगायची राहिली आहे, आणि ती मी मामीलाही सांगितली नाही.

दिवाळसणानंतर तू आमच्याकडे यायचीस तेव्हा दरवेळी सासूबाईंसाठी काहीतरी घेऊन यायचीस. कुळथाचं पीठ, फणसाच्या सोललेल्या आठळ्या, एकदा तर स्वतः विणलेलं लोकरीचं आसन. त्यांच्यासमोर खुर्चीत नीट टेकायचीसुद्धा नाहीस. बोलताना आवाज बारीक करायचीस. एकदा तू परत निघून गेल्यावर सासूबाई त्या आसनावर बसून जप करता करता थांबल्या आणि मला म्हणाल्या, “तुझी आई मला इतकी का घाबरते गं? मी काय खाते की काय तिला?” मी म्हटलं, “स्वभावच आहे तिचा.”

आई, त्या नावाबद्दल सासूबाई कधीच काही म्हणाल्या नव्हत्या. माहेरच्यांनी माहेरच्या नावाने हाक मारावी, आम्हाला काय त्याचं, असं लग्नाच्या मांडवातच बोलल्या होत्या. नवं नाव मलाच आवडलं होतं. नव्या वळणाचं होतं, कुणी हसत नव्हतं त्याला. तू स्वयंपाकघरातून ते जुनं नाव मोठ्याने घेतलंस आणि बाहेर ह्यांनी ऐकलं, त्याची मला लाज वाटली. ते तुला तोंडावर सांगवेना, म्हणून मी सासूबाईंना पुढे केलं.